दोनशे एकसष्टाव्या अंकातला रिकामा फुगा

माझा थोरला भाऊ फुगे भरतो. हवेने नाही, शब्दांनी. ‘महाघोष’ नावाच्या चित्रकथेत जो कोणी तोंड उघडतो त्याच्या डोक्यावर एक पांढरा फुगा येतो, आणि त्यातलं अक्षर न् अक्षर दादाच्या हातचं असतं. बाविसावं वर्ष चालू आहे. नायकाची गर्जना, दुष्टांचं हसू, पुलावरून पडणाऱ्या बाईची किंकाळी, सगळं यानंच लिहिलंय. आणि घरी? घरी मीठ हवं असेल तर बोट दाखवतो.

आम्ही दोघंही बिनलग्नाचे. मी माझ्या जिभेमुळे, तो त्याच्या मुक्या तोंडामुळे. माझ्या नाकावर राग असतो म्हणतात लोक. असू दे. घरात एकाच्या तोंडून काही निघत नसेल तर दुसऱ्यानं दोघांचं बोलून घ्यावं लागतं, आणि ते काम मी कधी टाळलेलं नाही.

नोकरीही एकाच ठिकाणी. तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या, मधे फळीची भिंत. खिडकीपाशी दादाचं उतरतं टेबल, दाराशी माझं. मी वाचकांची पत्रं फोडते. माझ्यापुढे तीन खोकी असतात. एकात कौतुक, दुसऱ्यात शिव्या, आणि तिसऱ्यात अक्कल. तिसरं कायम आधी भरतं.

महाघोष हा आमचा महानायक. बाकीचे महानायक उडतात, भिंती चढतात, आमचा नुसता ओरडतो. पण ओरडला की डोंगराला तडा जातो, त्यामुळे दादाचं काम वाढतं. कधी कधी अख्ख्या पानावर एकच शब्द असतो, ‘धडाड’. त्याच्या कडा फाटलेल्या दिसाव्या लागतात, अंगावर बारीक बारीक तडे गेलेले दिसावे लागतात. अशा एका शब्दात दादाची अख्खी दुपार जाते. बाकी साधं बोलणं तो पातळ कागदाच्या पट्टीवर लिहितो, पट्टी कापतो आणि चित्रातल्या फुग्यात डिंकानं चिकटवतो. मूळ पानं मोठी असतात, त्यांचे फोटो निघतात आणि छापताना सगळं लहान होतं. बावीस वर्षांत त्याची एक पट्टी कधी वाकडी लागली नव्हती. हातातलं पान अर्धं टाकून तो जेवायलासुद्धा उठत नाही.

आणि वाचक? वाचकांना काय, उंटावरून शेळ्या हाकायच्या. महाघोषचे बूट मागच्या अंकात निळे होते, या अंकात काळे का. एवढा ओरडतो तर त्याचा घसा बसत कसा नाही. एका शिंप्यानं तर त्याच्या झग्याचं माप काढून पाठवलं होतं आणि लिहिलं होतं की या कापडात माणूस वळूच शकणार नाही, मी शिवून देतो. मी वाचते, हसते, खोक्यात टाकते. महिन्याला तीस-चाळीस पत्रं, त्यात काय मोठंसं.

मग दोनशे एकसष्टावा अंक निघाला.

त्या अंकात महाघोषचा धाकटा भाऊ परत येतो. हा भाऊ एकदा पहाऱ्याची जागा सोडून गेला होता आणि त्या वेळात शहराचा मनोरा पडला होता. इतकी वर्षं तोंड लपवून हिंडला, आता येऊन गुडघे टेकतो आणि म्हणतो, ‘एकदा तरी बोल माझ्याशी.’ पुढच्या चौकटीत महाघोषचा चेहरा. डोक्यावर फुगा. आणि फुगा कोरा.

लेखकानं तिथं लिहिलं होतं, ‘मी तुला केव्हाच माफ केलं.’ मला माहीत आहे, कारण ते एवढंसं वाक्य दादानं सात वेळा लिहिलं. कचऱ्याच्या टोपलीत मी सहा पट्ट्या मोजल्या होत्या, सगळ्या मधूनच फाडलेल्या. सातवी त्यानं कापली, डिंक लावला, आणि पान पुढे गेलं. छापून आलं तेव्हा फुग्यात पट्टी नव्हती. कुठं गळाली, देव जाणे.

संपादकबाई डोकं धरून बसल्या. लेखकमहाशयांनी फोनवर असा आवाज चढवला की मला माझ्या टेबलापर्यंत ऐकू आला. दादा टेबलाखाली, कपाटामागे, पायपुसण्याखाली पट्टी शोधत होता. “काय शोधतोस आता? पस्तीस हजार प्रती छापून गेल्या,” मी म्हटलं. तो शोधत राहिला.

आठवड्यानं टपाल आलं ते पोत्यातून आलं, चांगली तीनशे पत्रं.

शिंप्यानं लिहिलं होतं, पंधरा वर्षं वाचतोय, आजवरची ही सगळ्यात भारी चौकट आहे. ज्याच्या ओरडण्यानं डोंगर फुटतो त्याला भावाशी बोलायला एक शब्द मिळत नाही, हे वाचून मी मशीन बंद करून बसलो. एका शाळेतल्या बाईंनी कळवलं की वर्गात दोन तट पडलेत, माफीवाले आणि बिनमाफीवाले, आणि ते एका बाकावर बसायला तयार नाहीत. कुठल्याशा वाचक मंडळानं एक्केचाळीस सह्यांचा कागद पाठवला: महाघोषनं माफ केलं तर आम्ही अंक बंद करू. एका दंतवैद्यानं मात्र दोनच ओळी लिहिल्या, की छपाईत चूक झालेली दिसते, कृपया दुसरी प्रत पाठवावी. तीनशेत तो एकटा खरं बोलत होता आणि त्याला मी मूर्खांच्या गठ्ठ्यात टाकलं, तसा संपादकबाईंचा हुकूमच होता.

कारण आता वारं फिरलं होतं. संपादकबाई पत्रं वाचून गालातल्या गालात हसायला लागल्या. आणि लेखकमहाशय, तेच ते, फोनवर म्हणाले, “त्या शांततेवर मी फार विचार केला होता.” माझ्या हातात तेव्हा पत्रं फोडायची सुरी होती, आणि फोनमधून ती पलीकडे पोचत नाही याचं मला वाईट वाटलं.

सगळे खूश, फक्त दादाच्या पायाला भिंगरी. बसला की उठायचा. निब पुसायचा, पुन्हा पुसायचा. खिडकी उघडायचा, लावायचा. घरीही तेच. एका खोलीतून दुसऱ्या खोलीत, पाणी प्यायला म्हणून आणि पाणी न पिता परत. “अरे चूक झाली, माणूस आहेस. लोक तर डोक्यावर घेऊन नाचतायत,” मी म्हटलं. तो उठला आणि पुन्हा पाणी प्यायला निघाला.

मला वाटलं, मला कळलंय त्याला काय टोचतंय ते. आता ते सांगते.

आम्ही दोघं नाही, तिघं आहोत. आम्हाला एक धाकटा भाऊ आहे. नऊ वर्षांपूर्वी बाबा आजारी होते, घरात कुणीतरी कायम असायचं. त्या दिवशी मी बाहेरगावी गेले होते, दादा कचेरीत, आणि पाळी धाकट्याची. कुठलासा सामना होता. तासाभरात येतो म्हणून तो गेला आणि रमला. संध्याकाळी सगळ्यात आधी मी घरी पोचले. बाबा टेलिफोनच्या टेबलापाशी जमिनीवर होते आणि रिसीव्हर वायरीला लोंबत होता. कुणाला फोन करायचा होता कोण जाणे, शेजाऱ्यांना असेल, असं आम्ही धरून चाललो. दादा त्याच्या रोजच्या वेळेला आला. बाबा पुन्हा शुद्धीवर आलेच नाहीत, चौथ्या दिवशी गेले.

पुढच्या आठवड्यात धाकटा दादापुढे उभा राहिला. “दादा, काहीतरी बोल. शिव्या दे, पण बोल,” म्हणाला. दादा त्याच्याकडे बघत राहिला आणि मूग गिळून आत निघून गेला. त्याच संध्याकाळी धाकट्यानं घर सोडलं.

गावाच्या दुसऱ्या टोकाला तो लिफ्ट दुरुस्तीचं काम करतो. वर्षातून दोन-तीनदा मी दादाला न सांगता जाऊन येते. त्याच्या खोलीत ‘महाघोष’चे गठ्ठे असतात आणि भिंतीवर एक पान लावलेलं, घर सोडल्यावर त्यानं विकत घेतलेल्या पहिल्या अंकातलं. अख्ख्या पानावर ‘धडाड’. “ताई, दादानं यापेक्षा चांगलं पान आयुष्यात केलं नाही, हे माझं मत,” तो दर वेळी म्हणतो. दादाची चौकशी तो कधी करत नाही, फक्त त्याच्या अक्षराबद्दल बोलतो.

अंक निघून तीन आठवडे होत आले, त्या बुधवारी टपालात एक पाकीट आलं. वरचं अक्षर धाकट्याचं होतं. पत्र संपादकांच्या नावे होतं.

‘महाघोषने उत्तर दिले नाही ते बरोबरच केले, असे माझे मत आहे. पहारा सोडून जाणाऱ्याशी काय बोलायचे. मी नऊ वर्षे अंक घेतो. गोष्टीसाठी घेत नव्हतो. त्यातले अक्षर माझ्या ओळखीचे आहे, ते बघायला घेत होतो. आता त्या अक्षरानेच मला उत्तर दिले आहे, त्यामुळे यापुढे घेणार नाही. रविवारी कामासाठी परदेशी जात आहे. परत यायचे ठरवलेले नाही. जुने अंक शुक्रवारी रद्दीत देणार आहे. आपला, एक वाचक.’

तीनशे माणसांनी मतं लिहिली होती. हा एकटा त्या कोऱ्या फुग्याखाली गुडघे टेकून बसला होता, आणि तो फुगा डिंक सुटल्यामुळे कोरा होता. मला रडू आलं आणि राग आला, दोन्ही एकदम. पत्र मी पर्समध्ये टाकलं. दादाला दाखवावं तर तो काय करेल, आणि काही केलंच नाही तर मी त्याचं काय करेन, हे ठरेना. दोन दिवस त्या पर्सला मी शंभरदा हात लावला असेल.

त्याच दिवशी घरी मी दादाचे कपडे भिजवायला घेतले. काम करताना शाई लागू नये म्हणून तो शर्टावर कापडी बाह्या चढवतो. उजव्या बाहीच्या कोपरापाशी, आतल्या दुमडीत, काहीतरी कडक लागलं. उलटून बघते तर पट्टी. ‘मी तुला केव्हाच माफ केलं.’ काखेत कळसा आणि गावाला वळसा. तीन आठवडे हा माणूस कपाटं सरकवत होता आणि वाक्य याच्याच कोपराला चिकटलेलं. मी ती वाळवून पत्राबरोबर ठेवली.

गुरुवारी पुढच्या अंकाचा मजकूर आला. एक्केचाळीस सह्या जिंकल्या होत्या. त्याच जागी, तोच चेहरा, आणि महाघोष म्हणतो, ‘तुला माफी नाही. कधीच नाही.’ संपादकबाई म्हणाल्या, “हे जरा ठसठशीत लिहा हं, फुगेवाले. वाचक याचीच वाट बघतायत.” दादानं मान हलवली.

शुक्रवारी दुपारी तो त्या पानावर आला. मी फळीच्या भिंतीआडून बघत होते. अर्धं पान झालं होतं. त्यानं नवी पट्टी घेतली, ‘तुला’ लिहिलं आणि थांबला. निब पुसली. पुन्हा शाईत बुडवली. पुन्हा पुसली.

मला राहवलं नाही. मी उठले, पर्समधून पट्टी आणि पत्र काढलं आणि दोन्ही त्याच्या टेबलावर ठेवलं. “ही तुझ्या बाहीत होती. आणि हे आपल्या धाकट्याचं आहे. वाच.”

त्यानं पत्र वाचलं. मग पुन्हा वाचलं. मग पट्टी उचलून उजेडात धरली.

“बरं झालं गळाली,” तो म्हणाला. “खोटं होतं ते.”

माझं डोकं फिरलं. कचेरी आहे, पलीकडे बाई बसल्यात, काही पाहिलं नाही मी. “खोटं? नऊ वर्षं झाली, अजून तुझं मन भरलं नाही? पोर होता तो तेव्हा. चुकला. तू काय देव लागून गेलास? परवा तो निघून जाईल, आणि तू बस इथं दुसऱ्यांची बोलणी लिहीत. तोंड आहे की नुसती भेग आहे ती?” आणखीही बरंच बोलले, ते इथं लिहिण्यासारखं नाही.

तो ऐकत होता. ऐकता ऐकता त्यानं बाह्या उतरवल्या, पेन खिशाला लावलं, शाईची छोटी बाटली रुमालात गुंडाळली आणि उठला. टेबलावर पान अर्धंच होतं. ‘तुला’ एवढीच पट्टी, शाई अजून ओली.

“अरे, पान?” मी म्हटलं. बावीस वर्षांत हे मी पाहिलं नव्हतं.

“राहू दे. चल,” तो म्हणाला.

दोन बस बदलाव्या लागतात. दादा दोन्हींत उभाच राहिला, जागा असूनही. दर थांब्याला वाकून बाहेर बघायचा, आलं का म्हणून, जसं काही त्याला ते ठिकाण माहीत होतं. माझा राग थोडा उतरला होता आणि भीती चढली होती. हा तिथं जाऊन पुन्हा तोंड शिवून उभा राहिला तर? एकदा त्या पोरानं ते सोसलं, दुसऱ्यांदा कसं सोसेल?

धाकट्यानं दार उघडलं. माझ्याकडे बघितलं, मग माझ्या मागे बघितलं, आणि दारातून बाजूला झाला.

खोली रिकामी झाली होती. एक पत्र्याची पेटी, दोन पिशव्या, दोरीनं बांधलेले अंकांचे गठ्ठे. भिंतीवरचं पिवळं पडलेलं पान तेवढं राहिलं होतं. दादाची नजर त्यावर गेली आणि तो जागच्या जागी थांबला, माझा पाय त्याच्या टाचेवर पडला. मग तो भिंतीकडे पाठ करून पेटीवर बसला.

“दोनशे एकसष्ट आहे?” त्यानं विचारलं.

धाकट्यानं वरच्या गठ्ठ्यातून अंक ओढून दिला. दादानं ती चौकट काढली. मला वाटलं पट्टी हवी असेल, मी पुढे केली. त्यानं नको म्हटलं. “मोठी आहे ही. आणि हे वाक्य नाही.” मग अंक गुडघ्यावर ठेवून, शाईची बाटली फरशीवर ठेवून, तो त्या छापील फुग्यात लिहायला लागला. फुगा बोराएवढा. धाकटा त्याच्यासमोर उकिडवा बसून बघत होता, लहानपणी बसायचा तसा.

लिहून झाल्यावर दादानं अंक उलटा करून त्याच्यापुढे धरला. मी वाकून वाचलं.

‘बाबांचा फोन मला आला होता. पान संपवून निघतो म्हणालो.’

तो लोंबता रिसीव्हर नऊ वर्षं माझ्या डोळ्यांपुढून हलला नव्हता. हे माहीत असून यानं पोराला जाऊ दिलं. त्याला पहारा सोडणारा म्हणून हिंडू दिलं. मला दादाला हाणावंसं वाटत होतं, अगदी खरं सांगते. आणि त्याच वेळी मला ती बावीस वर्षांची खिडकी, ते उतरतं टेबल दिसत होतं, आणि त्याच्यावर वाकलेला हा.

“पडलो म्हणाले,” दादा बोलायला लागला. आवाज त्याचा वाटतच नव्हता. “जरा ये म्हणाले. मला वाटलं तू असशील घरात. हाताला धरून उठवशील. मग तू दारात उभा राहून माफी मागायला लागलास, आणि मी कुठल्या तोंडानं...”

धाकटा अंकाकडेच बघत होता. पुन्हा पुन्हा तेच वाचत होता, जणू तीनशे पानांचा मजकूर होता तो.

“कुठलं पान?” त्यानं शेवटी विचारलं.

दादानं मीठ मागताना करतो तसं बोट केलं, मागे न बघता, खांद्यावरून, भिंतीकडे.

धाकटा उठला. भिंतीपाशी गेला आणि पानासमोर उभा राहिला. मग नखानं एकेक टाचणी काढली, चार होत्या. पान घेऊन तो परत आला आणि दादाच्या शेजारी पेटीवर बसला. दोघांच्या मांड्यांवर मिळून ते पान पसरलं. फाटलेल्या कडा, आत बारीक बारीक तडे, एकही कमी नाही.

“किती वेळ लागला याला?” धाकट्यानं विचारलं.

“साडेतीन तास.”

धाकट्यानं मान हलवली. तो बराच वेळ तशीच हलवत राहिला. मग त्यानं दादाचा शाई लागलेला हात हातात घेतला आणि घट्ट धरून बसला, आणि दादा रडायला लागला, तोंड उघडून, मोठ्यानं, शेजारपाजारचे ऐकतील याची पर्वा न करता.

खालून कुणीतरी हाक मारली. रद्दीवाला आला होता.

“ताई,” धाकटा मान वर न करता म्हणाला, “त्याला म्हणावं, आज काही नाही.”

मी जिना उतरले.